नावाला कंस

कासू हे पनवेल-रोहा मार्गावरचं, पेण आणि नागोठण्याच्या मधलं लहानसं स्टेशन. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेली भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे खारेपाट. १९८६ साली आपट्याहून रोह्यापर्यंत रूळ पोचले. नंतर कारखाने आले, महामार्गाच्या रुंदीकरणासाठी नोटिसा आल्या आणि जमिनीच्या चौकशीला मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या. आलेल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न एकच विचारला : सातबारा कुणाच्या नावावर आहे?

माहितीचं नवं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला संगणक आणि मोबाईल आठवतो. पण गावाच्या जमिनीची माहिती कशावर, कोणत्या लिपीत, कुणाच्या हातानं लिहायची आणि ती कुणाला वाचता यायची, हा झगडा इथे दोनशे वर्षं चालू आहे. कुणी काठी आणली, कुणी साखळी, कुणी छापील नमुना आणि आता सर्व्हर. दर वेळी सांगितलं गेलं की कारभार आता स्वच्छ होणार, मधल्या माणसाची गरज उरणार नाही. मधला माणूस काही गेला नाही. फक्त त्याचा पेहराव बदलला.

शिवकालात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली, तिची काठी पाच हात पाच मुठींची होती असं सभासद बखरीत येतं. वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. म्हणजे माप माणसाच्या शरीराचं. जमिनीची ओळख नावानं आणि चतुःसीमेनं : पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं शेत, उत्तरेस वाट. आजच्या खरेदीखतातही चतुःसीमा लिहावी लागते, ती त्याच काळाची खूण. कुणाचं शेत कुठवर हे गावाला तोंडपाठ असे आणि लिहिलेला कागद मोडीत, वतनदाराच्या घरी रुमालात बांधलेला. खारेपाटात तर जमीनच माणसानं समुद्राकडून मागून घेतलेली. खाडीला बांध घालायचा, उधाण अडवायचं, पावसानं मीठ धुऊन निघालं की भात लावायचा. बांध राखण्याच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून हिस्सा घेण्याचा शिलोत्रीचा हक्क पेण-अलिबागकडे रूढ होता. बांध कुणी घातला, खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तेव्हा माती कुणी टाकली, हे लक्षात ठेवणं म्हणजेच मालकी लक्षात ठेवणं.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेण-रोह्याकडचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. शेजारी आंग्र्यांचं संस्थान १८४० पर्यंत टिकलं. नव्या सरकारला तोंडपाठ असलेली जमीन उपयोगाची नव्हती. पुण्याकडे रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्यानं १८२०च्या दशकाच्या अखेरीस पहिली मोठी पाहणी सुरू केली. प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवायचा, असा त्याचा बारीक हिशेब. हिशेब कागदावर देखणा होता. पण मोजणारे कारकून आकडे मनचे घालत, चुकीचा सारा बसला, लोक शेतं टाकून निघून गेले. आकडे जितके बारीक तितके खरे, ही समजूत पहिल्यांदा तिथे आपटली. शेवटची मात्र नाही.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट आले. १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून त्यांनी नवी पद्धत घातली आणि १८४७च्या संयुक्त अहवालानं ती मुंबई इलाख्याची पद्धत झाली. शतकाच्या मध्याच्या सुमाराला ती घाट उतरून कोकणात आली. हत्यार साधं : ३३ फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीची प्रतही आण्यांत. शेताला नाव होतं, आता नंबर मिळाला. जागेवर उभं राहून काढलेल्या कच्च्या आकृतीला टिपण म्हणतात. भूमी अभिलेख कार्यालयात हद्दीचा वाद गेला की आजही मोजणीदार त्या टिपणाकडे वळतो. कागद इतका जुना की उलगडताना त्याची किनार हातात येते. दीडशे वर्षांपूर्वी भर उन्हात कुण्या साखळीवाल्यानं ओढलेली रेघ आज दोन भावांमधला निकाल देते, हे मला उपग्रहापेक्षा अधिक अचंब्याचं वाटतं.

साखळीनं शेतकऱ्याला एक गोष्ट दिली : तीस वर्षं सारा वाढणार नाही ही खात्री. आणि एक गोष्ट अलगद काढून घेतली. नंबर असलेली, क्षेत्र ठरलेली, सारा ठरलेला असलेली जमीन तारण ठेवता येते, विकता येते, कोर्टात लावून घेता येते. सावकाराला आता गाव ओळखण्याची गरज उरली नाही, कागद पुरे. घाटावर याचा स्फोट १८७५ साली झाला. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात जमाव उठला आणि पुणे-नगरकडे लोण पसरलं. दंगल म्हटली तरी माणसं मारण्यावर जमावाचा रोख नव्हता. वह्या आणि कर्जरोखे मागायचे, नाही दिले तर हिसकायचे आणि जाळायचे. नंतरच्या चौकशी आयोगालाही हेच दिसलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी कागदाची ताकद अचूक ओळखली होती. सरकारनं १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा केला आणि रोखे गावनिबंधकापुढेच लिहायला लावले. कागदाच्या जुलमावर उपाय म्हणून आणखी एक कागद, असा तो मासला.

कोकणात जाळपोळ झाली नाही. इथला प्रश्न वेगळा होता. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत बसला होता. सरकारच्या दप्तरात खोताचं नाव. कसणाऱ्याचं नाव खोताच्या वहीत, आणि ती वही खोताच्या माजघरात. १९०३ साली मुंबई सरकारनं हक्कनोंदणीचा कायदा केला. जमिनीवर कुणाचा कसला हक्क हे गावच्या दप्तरात नोंदलं जावं, फेरफार झाला तर तो चावडीवर लावावा, हरकत घेता यावी, अशी ही व्यवस्था. आपण आज ज्याला सातबारा म्हणतो त्याचे हे मूळ : गाव नमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकाचा. कुळाच्या दृष्टीनं मात्र कायद्यापेक्षा हे महत्त्वाचं होतं की लेखणी कुणाच्या हाती आणि बातमी कुणाच्या कानी. चावडीवर लावलेला कागद मोडीत, कूळ शेतावर, आणि गावात खोताच्या शब्दाबाहेर जाणारा कुणी नाही. दरसाल कबुलायत लिहून द्यायची. खोताकडचा माणूस लिहिणार, कूळ अंगठा उठवणार. अंगठा उठवला की यंदापुरती जमीन कसायला मिळे. पण त्याच अंगठ्यानं हेही कबूल होई की आपला या जमिनीवर कायमचा हक्क काही नाही.

कासूपासून खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातल्या पंचवीसेक गावांनी ठरवलं की खोतांची जमीन कसायचीच नाही. भाताच्या खाचरात गवत वाढू द्यायचं. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे लोकांनी रानातली लाकडं विकून, मिळेल ती मजुरी करून काढले. १६ डिसेंबर १९३४ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. अखेर महसूलमंत्री मोरारजी देसाईंच्या मध्यस्थीनं तोडगा निघाला आणि त्याच १९३९ साली मुंबई कूळ कायदा आला. खोती जायला १९४९ उजाडलं.

संपाचा इतिहास आपण सहसा मक्त्याच्या, म्हणजे खंडाच्या, ओझ्याचा म्हणून सांगतो, आणि ओझं होतंच. पण त्या सहा वर्षांकडे मी आणखी एका नजरेनं पाहतो. हे लोक नोंदीसाठी भांडत होते. ज्याच्या वहीत आपलं नाव हवं तेव्हा येतं आणि हवं तेव्हा जातं, त्याची वही नाकारायची, हा संप होता. त्यांच्याकडे वहीला उत्तर म्हणून दुसरी वही नव्हती. त्यांनी नांगर थांबवला, कारण वही भरायला नांगर लागतो. नारायण नागूंनी पुढे 'कृषीवल' हे वृत्तपत्र काढलं, त्यामागेही हीच जाण असावी : आपली बाजू आपल्या हातानं छापली पाहिजे, आणि जो वाचू शकतो त्यानं ती पारावर दहा जणांना वाचून दाखवली पाहिजे.

नाव लागण्याचा खरा हंगाम स्वातंत्र्यानंतरचा. १९४८चा कूळ कायदा आणि त्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून जमीन कसत होता तो मालक ठरला, नंतर कलम ३२-ग खाली किंमत ठरायची आणि ३२-म चं प्रमाणपत्र मिळायचं. रायगडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ही कलमं अजून देवाच्या नावासारखी असतात. "आमची बत्तीस-ग झालीय," म्हटलं की वाद मिटला. पण त्या दिवशी कूळ असणं आणि त्या दिवशी दप्तरात कूळ दिसणं यात फरक होता. कायदा येणार याची चाहूल आधी कुणाला लागली? ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येत होतं त्यांना. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी केलेला अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध झाला. मुंबई राज्यात मोठ्या संख्येनं कुळांनी जमिनीचे 'राजीखुशीनं' राजीनामे दिल्याचं त्यात नोंदलं आहे. राजीखुशी कागदावर होती. राजीनामा म्हणजे काय हे बऱ्याच जणांना पुढच्या पेरणीला कळलं.

याच काळात लिपीही बदलली. मोडी ही हातानं झरझर लिहिण्याची लिपी, बोरू न उचलता ओळ पुरी व्हावी अशी. छापखान्याला ती परवडेना. मोडीचे खिळे पाडून पुस्तकं छापण्याचे प्रयोग सेरामपूरला झाले होते, पण छपाईनं बाळबोध, म्हणजे देवनागरी, उचललं, शाळेनं छपाईच्या मागे जाऊन बाळबोध उचललं, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत मोडी शाळेतून गेली. कुणी ठरवून कट केला नव्हता. परिणाम मात्र असा की आजोबांच्या कबुलायती नातवाला चित्रासारख्या दिसू लागल्या. कूळ कायद्याच्या खटल्यांत ऐन वेळी मोडी वाचणारा शोधावा लागे. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यांत मोडी वाचकांचा भाव एकाएकी वधारला, ते याच जुन्या बदलाचं उशिरा आलेलं बिल.

हाती लिहिलेला सातबारा ज्यानं निरखून पाहिला आहे त्याला त्याची एक वेगळीच भाषा ठाऊक असते. वर गाव, भूमापन क्रमांक, हिस्सा. डावीकडे क्षेत्र, हेक्टर-आर मध्ये. पोटखराबा वेगळा. आकार रुपये-पैशात, इतका किरकोळ की आज त्यात चहा येत नाही. मध्ये भोगवटादारांची नावं आणि प्रत्येक नावाशेजारी गोलात फेरफाराचा नंबर. उजवीकडे 'इतर हक्क' : तिथे कूळ, सोसायटीचा बोजा, विहिरीचा वाटा, बहिणींची नावं. ज्याचा हक्क गेला त्याचं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. म्हणून गावात म्हणतात, "त्याच्या नावाला कंस झाला." बाप गेला, कंस. जमीन विकली, कंस. कित्येक पानांवर कंसातली नावं कंसाबाहेरच्या नावांपेक्षा जास्त.

आणि काही अक्षरं : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले की तीन भावांपैकी थोरल्याचं नाव लागायचं, शेजारी ए.कु.मॅ. तलाठ्याचं काम सोपं, घरात तेव्हा विश्वास. धाकटे दोघे मुंबईला गिरणीत. सुटीला येत, तांदळाचं पोतं घेऊन जात. पुढच्या पिढीत ती तीन अक्षरं एखाद्या फेरफारात गळाली तरी कुणाच्या लक्षात येत नसे. लक्षात येई तेव्हा दारात भूसंपादनाची नोटीस असे. अज्ञान वारसाचं तसंच : अ.पा.क., अज्ञान पालनकर्ता. पोर सज्ञान होऊन आजोबा झालं तरी सातबाऱ्यावर अज्ञान. हसू येतं, पण नुकसानभरपाईच्या रांगेत हसू येत नाही.

मुलींच्या नावांचं तर वेगळं पुराण आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली कायद्यात बदल करून वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. त्याआधीही वारस म्हणून बहिणींची नावं लागत, पण बहुधा इतर हक्कात. जमिनीला किंमत नव्हती तेव्हा कुणी बघत नव्हतं. रेल्वे, कारखाने आणि महामार्गामुळे गुंठ्याचा भाव झाला आणि घरोघर हक्कसोडपत्रांची वर्दळ सुरू झाली. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून बहीण सही करते. नोंदीनं तिला हक्कदार केलं आणि त्याच नोंदीनं तिला सहीसाठी बोलावणं आणलं. हे कोणत्याही सरकारी अहवालात येत नाही, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर मात्र कोणत्याही कामकाजाच्या दिवशी दिसतं.

जमिनीच्या माहितीची खरी कसोटी २००६ ते २००९ या वर्षांत लागली. पेण, उरण, पनवेल तालुक्यांत रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घ्यायचं ठरलं. १८९४च्या इंग्रजी कायद्याखाली नोटिसा निघाल्या. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशा मंडळींनी विरोध उभा केला. या काळात गावोगाव जे शिक्षण झालं ते कुठल्याही शाळेनं दिलं नसतं. कलम ४ म्हणजे काय, कलम ६ म्हणजे काय, हरकत किती दिवसांत घ्यायची, गाव कोणत्या धरणाच्या लाभक्षेत्रात येतं हे माणसं सातबारे पुढे ठेवून शिकली. माहितीचा अधिकार राज्यात २००२ला आणि देशात ऑक्टोबर २००५मध्ये आला होता. झेरॉक्सचं दुकान ही त्या आंदोलनाची चावडी झाली. अखेर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ला सरकारनं जनमत घेतलं : जमीन द्यायची की नाही? आणि मत कुणी द्यायचं, तर खातेदारानं. १९३३ साली ज्यांच्या आज्यांना वहीत जागा नव्हती, त्यांचे वारस त्या वहीच्या जोरावर मतदानाला उभे राहिले. पुढे भूसंपादनाची मुदत संपली, प्रकल्प बारगळला. मात्र खातेदार नसलेल्या मजुराला, भूमिहीनाला, खाडीत मासे मारणाऱ्याला त्या मतदानात कागद नव्हता, हेही त्याच बरोबर लिहून ठेवलं पाहिजे.

मग संगणक. सातबारे संगणकात भरण्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळत चाललं होतं. जुन्या पानावरची कंसातली नावं, फेरफारांचे गोल, पुसट आणेवारी, हे सगळं एका कळफलकावर बसवायचं, तेही ठरलेल्या मुदतीत. चुका होणारच होत्या. क्षेत्रातला एक शून्य इकडेतिकडे, एक वेलांटी कमी, कंसातला माणूस कंसाबाहेर. हाती लिहिलेल्या पानावरची चूक गावात राहत होती आणि तलाठ्याला डोळ्यानं कळत होती. संगणकातली चूक बँकेत, विम्यात, २०१९ला आलेल्या पीएम किसानच्या यादीत एकदमच पोचते. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळेना म्हणून अडलेली माणसं प्रत्येक गावात सापडतील. कायद्यात उपाय आहे : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती. चूक कारकुनाची, अर्ज मात्र शेतकऱ्याचा.

या सगळ्यात सरकारनं एक फार शहाणपणाची गोष्ट केली, आणि तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही. २०१७च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकात भरलेले सातबारे गावात आणायचे आणि लोकांसमोर मोठ्यानं वाचायचे. नंबर, हिस्सा, क्षेत्र, नावं. चूक असेल त्यानं तिथेच बोलायचं. सर्व्हर, डिजिटल स्वाक्षरी, माहिती केंद्र, एवढ्या पसाऱ्याच्या खरेपणाची खात्री करायला शेवटी माणसाचा आवाज आणि गावाचा कान लागला. काही गावांत हे नीट झालं, काही गावांत उपचार उरकला. पण जिथे झालं तिथे ज्याला मोडी येत नाही, बाळबोध वाचताना चष्मा लागतो आणि मोबाईल नातीच्या हातात असतो, असा म्हातारा त्या दिवशी सगळ्यात जाणकार ठरला असणार. कंसातला कोण आणि त्याचे वारस कोण, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक?

१ मे २०१८ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. १५ रुपये भरायचे, उतारा मोबाईलवर, तो सगळ्या सरकारी कामांना चालतो. तलाठ्याच्या सज्जावर तीन हेलपाटे, "साहेब आज मीटिंगला गेलेत" हे ऐकणं, हातात काहीतरी ठेवणं, यातून बरीच सुटका झाली. जुन्या पद्धतीबद्दल हळवं होण्याचं काही कारण मला दिसत नाही. ती पद्धत ज्यांनी सोसली तेही हळवे नाहीत. पण कचेरीतला कट्टा रिकामा झाला तसा सेवा केंद्रातला बाक भरला. पासवर्ड केंद्रवाल्याकडे, ओटीपी मुंबईतल्या मुलाच्या फोनवर, आणि अर्जदार दोघांच्या मध्ये. तलाठ्याचं पदनाम २०२४ साली ग्राम महसूल अधिकारी झालं. गाव अजून तलाठीच म्हणतं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीही आली. गाव नमुना बारा तलाठी भरत असे, बरेचदा एका जागी बसून, मागच्या वर्षीचं बघून. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोनमधून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना म्हणून ती चांगली आहे : दीडशे वर्षांत पहिल्यांदा लेखणी कसणाऱ्याच्या हातात. अडचण अशी की नोंद पाठवायला रेंज लागते, आणि ज्याची जमीन पेणला, पोट नवी मुंबईत, त्याला भर श्रावणात खाचरात उभं राहायला सुटी लागते. मग वाट्यानं कसणाऱ्यालाच फोन धरायला सांगितलं जातं. तो धरतो. त्याचं नाव मात्र कुठेही लागत नाही, आणि लागू नये याची काळजी मालक घेतो, कारण कूळ कायद्याची धास्ती अजून संपलेली नाही.

डोंगराच्या बाजूला कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. त्यांच्याकडे सातबारा नाही, दळी आहे. इंग्रजी अमलापासून जंगलाच्या उतारावर नाचणी-वरी करायला दिलेली ही जमीन, वनखात्याच्या कागदात बहुधा दळीप्रमुखाच्या नावावर. बाकीची घरं त्याच्या नावाआड. २००६चा वनहक्क कायदा आला, दावे भरले गेले, जीपीएस यंत्रं घेऊन मोजणी झाली. यंत्र अक्षांश-रेखांश चोख देतं, पण मोजणीच्या दिवशी हद्द दाखवायला माणूस हवा. दिवाळीनंतर कातकरी वीटभट्टीवर गेलेला असतो, पावसाच्या तोंडावर परततो. मोजणी नेमकी कोरड्या दिवसांतच होते.

आणि पश्चिमेला, खारेपाटात, तीन नोंदी एकमेकींसमोर उभ्या आहेत. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली, वेळेवर बुजवली नाही, उधाणाचं पाणी आत फिरू लागलं, भात गेलं. काही वर्षांत तिथे तिवरं उगवतात. सातबाऱ्यावर ती अजून शेतजमीन आणि मालकाचं नाव शाबूत. उच्च न्यायालयानं ६ ऑक्टोबर २००५ला तिवरांच्या रक्षणाचा आदेश दिला आणि उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांचे नकाशे तयार झाले. त्या नकाशात ती तिवरं आहेत, म्हणून बांध पुन्हा घालायलाही हात आखडतो. गावाच्या आठवणीत ती अमक्याच्या पणज्यानं माती टाकून राखलेली जागा. उपग्रह खोटं बोलत नाही, सातबाराही नाही, पणज्याही नव्हता बोलत. तिवरं तोडावीत असं माझं म्हणणं नाही. किनारा त्यांच्यावर उभा आहे. पण बांध राखण्याची जबाबदारी खारभूमी खात्याकडे गेल्यावर तो फुटला, तर त्या फुटण्याची नोंद कोणत्या नमुन्यात होते, हा प्रश्न शेतकरी विचारतो तेव्हा त्याला उत्तर द्यायला टेबल सापडत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर चालवली गेली. मृत खातेदारांची नावं काढायची, वारसांची लावायची. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि पोलीस पाटील-सरपंचांचा दाखला हवा. आजोबा १९६० साली वारले, नोंद नाही. चुलता बडोद्याला, चुलतभावाशी बोलणं नाही. आत्या हयात आहे, सही करायला तयारही आहे, पण "आधी माझं नाव वर लाव, मग बघू," असं ती या वेळी म्हणाली तर त्यावर नाही म्हणणारं कलम कुठलंच नाही.